थट्टेचं वतन

बायकोच्या तेराव्याला मी हसलो. गालातल्या गालात नाही. खांदे गदगदतील, चष्मा काढून डोळे पुसावे लागतील असा हसलो, आणि तेही तिच्या फोटोपासून हाताच्या अंतरावर बसून. फोटोला सुपरमार्केटमधल्या शेवंतीचा हार होता. तिच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, तो सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून ओवला होता. हसू ओसरल्यावर मला पहिल्यांदा दिसले ते ताईंचे हात. मांडीवर पदराची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची, असं त्यांचं चाललं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

तो तेरावा तसा तेरावा नव्हताच. न्यूझीलंडमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी लोकांना सुट्टी काढता येत नाही, म्हणून आम्ही तो शनिवारी ठेवला होता. गुरुजी ऑकलंडहून स्क्रीनवर होते. अप्पर हटमधल्या आमच्या छोट्या दिवाणखान्यात पंचवीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणला होता आणि बाहेर दक्षिणेचा गार वारा कुंपणाची फळी वाजवत होता.

मला हसवणारी बाई टांझानियाची. माझी बायको ज्या रुग्णालयात फार्मसिस्ट होती तिथेच ती नर्स आहे. राहते जॉन्सनव्हिलला. दोघींची ओळख जेवणाच्या सुट्टीतली. बायको आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून भाजी, खिचडी, लाडू असं काहीबाही भरून न्यायची, सगळ्या वॉर्डांत वाटायची आणि मग आठवडाभर ते डबे गोळा करत फिरायची. झाकणावर जाड पेनाने नाव लिहिलेलं असे. डबा परत आला आणि झाकण आलं नाही, तर ती पुन्हा जाऊन झाकण मागून आणत असे. या टांझानियन बाईने एक डबा मुद्दाम दडवून ठेवला आणि रोज नवी थाप मारत राहिली. तिथून त्यांची मैत्री सुरू झाली.

पहिल्यांदा ती आमच्याकडे जेवायला आली तेव्हा बोलता बोलता 'दुका' म्हणाली. तिच्या स्वाहिलीत दुका म्हणजे दुकान. मी लगेच म्हणालो, "हा तर आमचा शब्द." खरं तर तो आमचाही नाही, मूळ अरबी, पण मला तेव्हा इतकी बारीक शहानिशा नको होती. पुढच्या भेटींत मला 'गारी' म्हणजे गाडी मिळाला, 'बिमा' म्हणजे विमा मिळाला, 'लाकी' म्हणजे लाख मिळाला, आंब्याचा 'एम्बे'ही बहुधा आपल्याच बाजूचा निघाला. मी पुण्यात भाषाशास्त्र शिकलो आणि इथे ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करतो. त्यामुळे शब्द हातात आला की त्याची पाठ उलटून शिक्का बघायची खोड आहे. 'किताबु' या शब्दावर तर मी एक संध्याकाळ काढली. अरबी किताब तिकडे गेला तेव्हा त्यातला 'कि' स्वाहिली माणसांना आपल्या एकवचनाच्या प्रत्ययासारखा वाटला आणि त्यांनी 'कि'चा 'वि' करून अनेकवचन केलं 'विताबु'. पाहुणा घरात आला, त्याला घरातलेच कपडे चढवले. मला ते फार आवडलं.

ती मला 'शेमेजी' म्हणते, म्हणजे मेहुणा किंवा दीर. "शेमेजी," ती म्हणाली होती, "एअरपोर्टवर ते लोक लोणच्याची बाटली उघडून वास घेतात ना, तसा तू माझे शब्द तपासतोस. तुझा माल निघाला की खूश. नाही निघाला की बाजूला फेकून देतोस."

बायको खो खो हसली होती. मीही हसलो होतो. पण ते खरं होतं.

एकदा तिने बायकोला सांगितलं, "आजपासून तू माझी म्तानी." मी कान टवकारले. म्तानी म्हणजे जिची थट्टा करायचा हक्क असतो ती. आजी-नातवंडांत, दीर-भावजयींत, काही जमातींमध्ये आपसांत असं नातं असतं. त्या नात्याचं नाव 'उतानी'. म्तानी तुम्हाला काय वाटेल ते बोलेल, तुमच्या ताटातलं उचलून खाईल. तुम्ही रागवायचं नाही, तोडीस तोड परत द्यायचं. माझ्या बायकोचा जन्म खानदेशातला, तिचा टांझानियाशी काय संबंध? पण ती बाई म्हणाली, "तुमच्या लोकांनी आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या मीठ विकलं आणि मापात मारलं. एवढं नातं पुरे आहे."

त्या रात्री मी कोश काढले. एका जुन्या कोशात म्तानी हा शब्द अरबी 'वतन'वरून आल्याचं दिलं होतं. दुसऱ्यात त्यावर शंका होती. पण वतन! पाटलाचं वतन, जोशाचं वतन, कुंभाराचं वतन. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हक्क, आणि त्याला जोडलेलं कर्तव्य. म्हणजे म्तानीकडे थट्टेचं वतन. मी हे बायकोला सांगायला गेलो तेव्हा ती उद्याचे डबे भरत होती. "छान आहे," ती म्हणाली, "ते झाकण द्या जरा."

तिचा आजार लांबला नाही. त्याबद्दल मला इथे लिहवत नाही.

तेराव्याला ताटं मांडायची वेळ झाली आणि दार उघडून ती बाई आत आली. अंगात माझ्या बायकोचं जांभळं कार्डिगन होतं. रुग्णालयाच्या लॉकरमध्ये राहिलेलं. पर्स छातीशी घट्ट धरलेली. आणि चाल बायकोची, ती घाईची, तुरुतुरु, जणू मागे कोणी लागलंय. तिने एकदा सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि खणखणीत मराठीत हाक मारली:

"अहो! अहो! पुस्तक ठेवा!"

बायको जेवणाच्या सुट्टीत मला फोन करायची. ते शब्द या बाईने तिथे ऐकून पाठ केले असणार. सूर हुबेहूब होता. माझ्या मुलीने तोंडावर हात दाबला.

मग इंग्रजीत सुरू झालं. "माझा दोन लिटरचा डबा कोणाकडे आहे? तुझ्याकडे? तुझ्याकडे? झाकणासकट पाहिजे!" ती एकेका पाहुण्यासमोर वाकून विचारत होती. आमचे मराठी शेजारी, फार्मसीतल्या मुली, सगळे खांद्याला खांदा लावून ताठ बसलेले. कोणाला कुठे बघावं कळेना. मग ती फोटोपुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आणि तू! निघालीस ना नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी? लग्नातून आधी, वाढदिवसातून आधी, 'चला, मग ट्रॅफिक लागेल.' अगं, अप्पर हटला कसला आलाय ट्रॅफिक? मेंढ्यांचा? आम्ही मागे भांडी घासायची आणि बाईसाहेब पुढे!" मग माझ्याकडे बोट. "आणि याला माझ्या गळ्यात घालून गेलीस. याला चहा करायला सांगा कोणीतरी. चहाचं मूळ चीनमध्ये आहे म्हणून सांगेल, पण आधण काही ठेवणार नाही."

तेव्हा मी हसलो.

बायको खरोखर कुठल्याही समारंभातून लवकर निघायची. चपला शोधता शोधता मला कोपराने ढोसायची. तिच्या मरणाबद्दल त्या दिवसांत लोक खूप काही बोलले होते, सगळं मऊ आणि सभ्य. पण ती *अशी* गेली, तिच्या सवयीप्रमाणे गेली, हे कोणीच म्हणालं नव्हतं. ते ऐकलं आणि ती क्षणभर दारात उभी दिसली, एका पायात चप्पल घातलेली.

"पुरे," ताई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मग इंग्रजीत, अगदी हळू, त्या बाईला: "प्लीज, तुम्ही जा." आणि मला: "माझी बहीण गेलीय. आणि तुम्ही हसताय?"

मी काय बोलायला हवं होतं ते मला आता माहीत आहे. "हो ताई, हसलो, कारण ती खरोखर तशीच होती." एवढं पुरलं असतं. पण मला माझ्या हसण्याची इतकी लाज वाटली की मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणालो, "ताई, याला उतानी म्हणतात. ती एक प्रथा आहे. म्हणजे शब्द बहुधा वतनवरून..."

आणि मी बोलत राहिलो. अरबी वतन, आपलं वतन, बलुतेदार. कोशांतले मतभेदसुद्धा सांगितले. कोणी मला थांबवलं नाही. दुःखातल्या माणसाला कोण थांबवणार? स्क्रीनवरचे गुरुजीसुद्धा ऐकत होते.

"व्युत्पत्ती सांगताय?" ताई म्हणाल्या. "आज?"

तोवर त्या बाईने कार्डिगन काढलं होतं. तिने ते नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. "पोले, शेमेजी," ती मला म्हणाली. पोले म्हणजे 'तुझ्या दुःखात मी आहे'. ती माफी नव्हे. मग ती नुसत्या ब्लाऊजवर त्या वाऱ्यात बाहेर गेली. माझी मुलगी तिच्यामागे गाडीपर्यंत धावली. मी धावलो नाही. मी वतनपाशी थांबलो होतो.

सगळे गेल्यावर मुलगी भांडी विसळत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीत. "आई वुड हॅव लव्हड इट," ती म्हणाली. "अँड यू गेव्ह अ लेक्चर, बाबा." रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस मी ताईंशी नजर चुकवून वागलो. त्या गुरुवारी भारतात परत जाणार होत्या आणि अस्थी नाशिकला गोदावरीत विसर्जित करणार होत्या. मला झोप नव्हती, म्हणून मी पुन्हा कोश उघडले. या खेपेला आमचे शब्द शोधले नाहीत. जे मी बाजूला फेकले होते, ते उचलले.

दुःखाच्या घराला स्वाहिलीत 'म्सिबा' म्हणतात. हा शब्द उसना आहे, अरबी; आपल्या मुसीबतीचा सख्खा भाऊ. पण मरणं, 'कुफा', हा उसना नाही. तो किनाऱ्यापासून दक्षिण टोकापर्यंत आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये जवळजवळ तसाच सापडतो. आणि हसणं, 'चेका', तोही तसाच. झुलूत तो ह्लेका होतो, युगांडात सेका, किकुयूत थेका. अरबांची जहाजं यायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं हे दोन शब्द बरोबर घेऊन चालत आली. दुःखाचं नाव त्यांनी बाहेरून घेतलं. मरण आणि हसू घरचंच होतं. इतकी वर्षं ती बाई माझ्यासमोर 'चेका, शेमेजी, चेका!' म्हणत होती, आणि त्या शब्दावर आमचा शिक्का नाही म्हणून मी तो कधी उलटूनही पाहिला नव्हता. हे वाचतानाही मला लाज वाटली, कारण हेही पुस्तकातच वाचत होतो.

मंगळवारी मी कार्डिगन पिशवीत घातलं आणि गाडीने वेलिंग्टनला, तिथून दुसऱ्या गाडीने जॉन्सनव्हिलला गेलो. वाटभर माफीची वाक्यं जुळवली. तिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माफी मागायला आला असशील तर परत जा. म्तानीची माफी मागतात का? तो अपमान झाला."

"मग काय करू?"

"काहीतरी वाईट बोल माझ्याबद्दल."

मी पायपुसण्यावर उभा राहून विचार करत राहिलो. शेवटी म्हणालो, "तुझा... तुझा पिलाव कोरडा असतो."

"अरे देवा!" तिने कपाळाला हात लावला. "हे एवढंच? बारा मिनिटं उभा राहून? ती तुझ्याबरोबर राहिली कशी?" तिने मला आत ओढलं आणि चहा दिला. मग समोर येऊन बसली. डोळे सुजलेले होते, ते मला तेव्हा दिसलं.

"आमच्याकडे," ती म्हणाली, "म्तानी येते, नक्कल करते, शिव्या देते. आणि सगळं झालं की तीच सांगते, रडणं पुरे, आता चूल पेटवा. तिने सांगितल्याशिवाय ते घर म्सिबातून उठत नाही. मी ते म्हणायच्या आधीच मला दार दाखवलंत. माझं अर्धं राहिलंय, शेमेजी. मी ड्यूटीला जाते, येते, पण मी अजून तिथेच तुझ्या गालिच्यावर उभी आहे. आणि गुरुवारी तिच्या अस्थी जाणार."

"मग ये ना. उद्या ये."

"तू बोलावून काय उपयोग? तू हसलास, तुझं झालं. जिने मला बाहेर काढलं तिने आत घ्यायला हवं. बहिणीचा मान मोठा. आणि तिला समजावून सांगू नकोस हं. तू समजावलंस तर ती आजच निघून जाईल." कार्डिगन तिने घेतलं नाही. "ते त्या घरात घालायचं आहे."

घरी येऊन मी कार्डिगन पुन्हा खुर्चीवर ठेवलं आणि ताईंना एवढंच म्हणालो, "तिचं अर्धं राहिलंय, ताई. तुम्ही बोलावलंत तर येईल." वतन नाही, कोश नाही.  त्या कणीक मळत होत्या, ती मळत राहिल्या.

बुधवारी दुपारी त्या बॅग भरायला बसल्या. अस्थी हातातल्या सामानात न्यायच्या होत्या, कागदपत्रांसकट. मी कपाटातून त्या आणून टेबलावर ठेवल्या. अंत्यविधी करणाऱ्यांनी अस्थी दिल्या होत्या त्या तशाच होत्या: करड्या प्लास्टिकचा चौकोनी डबा, वर घट्ट बसणारं झाकण, आणि झाकणावर माझ्या बायकोचं नाव.

ताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मी तांब्याचा कलश मिळाला नाही असं काहीतरी पुटपुटलो. मला वाटलं, आता हीदेखील माझीच चूक.

"अहो," ताई म्हणाल्या. आवाज अगदी गंभीर होता. "हा परत करायचा असतो का?"

ताईंनी झाकणावर बोट टेकवलं.

"झाकणासकट?"

आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. त्या हसत होत्या की रडत, ते मी सांगू शकत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तो डबा धरला होता आणि टेबल हलत होतं. "लहानपणी," त्या मधेच म्हणाल्या, "माझी कंपासपेटी तिने नेली की मीच मागत फिरायचे तिच्या मागे. झाकण हरवायची ती. ती!" मग पदराने तोंड पुसून त्यांनी सांगितलं, "फोन लावा तुमच्या त्या बाईंना. मी बोलते."

फोनवर त्या इंग्रजीत एकच वाक्य बोलल्या: "तिचा डबा मिळाला आहे, या."

गुरुवारी सकाळी ती आली. ताईंनी खुर्चीवरचं कार्डिगन स्वतः उचलून तिच्या खांद्यांवर घातलं. तिने त्या डब्याला काय काय सुनावलं ते मी लिहीत नाही. पहिल्यापेक्षा बरंच वाईट होतं, आणि मुलगी हसता हसता जमिनीवर बसली. ताईसुद्धा एकदा म्हणाल्या, "हे मात्र खोटं आहे," आणि एकदा, "हे मात्र खरं."  मग त्या बाईने डब्याच्या झाकणावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "पुरे आता. चूल पेटवा."

ताई उठणार, एवढ्यात मी उठलो. आधण मी ठेवलं.

विमानतळाकडे निघताना ती बाई न विचारता पुढच्या सीटवर बसली, बायकोच्या जागी. ताई मागे, मांडीवर पिशवी, मुलगी शेजारी. मोटरवेला लागेपर्यंत ती मला दोनदा ओरडली, "अहो! इंडिकेटर!" ताईंनी मागून तिसऱ्यांदा आठवण केली.

मग ती मागे वळून म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी या. मी पिलाव करीन."

"दादा?" ताई म्हणाल्या. "मी दादा? अहो, ही मला दादा का म्हणते?"

स्वाहिलीत थोरल्या बहिणीला दादा म्हणतात. तो शब्द कुठून आला असावा याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही माझ्या ओठांवर आली.  आरशात ताई माझ्याकडेच बघत होत्या, वाट पाहत.

"तिलाच विचारा," मी म्हणालो, आणि लेन बदलली.